जुनी वाकिझाशी घेण्यापूर्वी : नाकागोवरील नावावर कितपत विसंबावे?

प्रश्न : नवसंग्राहक

नोकरीनिमित्त जपानमध्ये राहायला आल्यापासून मला जुन्या जपानी तलवारी पाहण्याचा छंद लागला आहे. तोक्योमधील उएनोचे राष्ट्रीय संग्रहालय आणि र्योगोकुचे तलवार संग्रहालय या दोन्ही ठिकाणी काचेपलीकडची पाती पाहून झाली. आता एखादे साधे पण अस्सल पाते स्वतःच्या संग्रही असावे आणि ते हातात धरून, दिव्याच्या प्रकाशात फिरवून निवांतपणे अभ्यासता यावे, असे वाटू लागले आहे. या शोधात एका विक्रेत्याने मला एक वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, दाखवली असून तिच्याविषयी येथील जाणकारांचे मत मला हवे आहे.

पाते शिरासायात, म्हणजे रंगरोगण नसलेल्या साध्या लाकडी म्यानात आहे. त्याची लांबी १ शाकू ७ सुन ५ बु, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर आहे. बाक एकूण बेताचाच असला तरी टोकाकडे तो थोडा अधिक जाणवतो. हामोन, म्हणजे पाणी दिल्यामुळे धारेलगत उमटणारी नक्षी, लाटांसारखी असून मधूनमधून तिला दुहेरी शेंडे फुटलेले दिसतात. मूठ उतरवून नाकागो, म्हणजे मुठीत बसणारा पात्याचा भाग, पाहिला असता एका बाजूस ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ अशी अक्षरे आणि दुसऱ्या बाजूस एइरोकु शकाच्या आठव्या वर्षाचा आठवा महिना कोरलेला आढळला. एइरोकु आठ म्हणजे इसवी सन १५६५. सोबत शोवा २६ मधील, म्हणजे १९५१ सालचे तोरोकुशो हे सरकारी नोंदणीपत्र आहे, आणि निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या तलवार-जतन संस्थेचे ‘किचो’ नावाचे जुने प्रमाणपत्रही आहे.

विक्रेत्याचे म्हणणे असे की, लोहाराचे नाव, गाव, वर्ष आणि महिना इतके सगळे कोरलेले असताना शंकेला जागाच उरत नाही. शिवाय नोंदणीपत्रावरही तेच नाव असल्यामुळे सरकारनेच त्याच्या खरेपणाची हमी दिलेली आहे. नाकागोवर काही ठिकाणी लालसर गंज आहे. तो काढून अक्षरे स्वच्छ करून देण्याची तयारीही त्याने दाखवली. मला हे सारे पटण्यासारखे वाटते, तरी एक अस्वस्थता राहते. नाव खरे की खोटे हे माझ्यासारख्याने कसे ओळखावे, कागदपत्रांचा नेमका अर्थ काय घ्यावा आणि गंज काढू द्यावा की नाही, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.


प्रतिसाद : लोहपारखी

सर्वप्रथम, गंजाला हात लावू देऊ नका. त्याविषयी सविस्तर दुसरे कोणी लिहीलच. मी पात्याकडे वळतो.

आपण वर्णन करताना लांबी, बाक आणि हामोन दोन-तीन वाक्यांत आटोपून नाव आणि तारखेवर आलात. नवा संग्राहक बहुतेक वेळा हेच करतो, कारण अक्षरे वाचता येतात आणि पोलाद वाचायला वेळ लागतो. परंतु पारखीची जपानी परंपरा नेमक्या उलट दिशेने चालते. तेथील अभ्यासमंडळांत पारखीचा सराव करताना नाकागो झाकूनच पाते हातात दिले जाते. केवळ आकार, पोलादाचा पोत आणि हामोन पाहून लोहाराचे नाव कागदावर लिहून द्यायचे असते. उत्तर अचूक आले तर ‘आतारी’, त्याच परंपरेतील अगदी जवळच्या लोहाराचे नाव आले तर ‘दोझेन’ आणि साफ चुकले तर ‘इया’ असा निकाल मिळतो. कोरलेले नाव हा पात्याने केलेला दावा आहे आणि तो दावा तपासण्याचे पुरावे पात्यातच आहेत, अशी त्यामागची धारणा आहे. नाव नसल्यामुळे पात्याचे महत्त्व घटते असेही नाही. ओकायामा प्रांतातील सेतोउची शहराने २०२० साली विकत घेतलेली ‘सानचोमो’ ही ताची, म्हणजे लांब बाकदार तलवार, राष्ट्रीय संपदा आहे, पण तिच्यावर लोहाराचे नाव नाही. फुकुओका इचिमोनजी या लोहार-परंपरेची ती आहे हे तिच्या घडणीवरून ठरले आहे.

म्हणून सुरुवात आकारापासून करा. हेइआन काळाच्या अखेरीपासून कामाकुरा काळापर्यंतच्या (सुमारे बारावे-तेरावे शतक) ताची घोड्यावरून वापरायच्या, धार खाली ठेवून कमरेला लटकवायच्या. त्यांचा बाक मुठीजवळ खोल असतो आणि पाते टोकाकडे निमुळते होत जाते. चौदाव्या शतकात, नानबोकुचो काळात, पाती रुंद आणि दांडगी झाली, किस्साकी म्हणजे टोकाचा भाग लांबला. पुढे मुरोमाची काळात (पंधरावे-सोळावे शतक) पायदळाच्या लढाया वाढल्या आणि धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचायची, चटकन उपसता येणारी उचिगाताना प्रचारात आली. तिचा बाक टोकाकडे सरकलेला असतो आणि एका हाताने वापरायची असल्याने नाकागो आखूड असतो. १५९६ नंतरच्या ‘शिन्तो’, म्हणजे ‘नव्या तलवारी’ या वर्गातील पात्यांपैकी कानबुन काळातली, म्हणजे १६६१ ते १६७३ या सुमाराची पाती जवळजवळ सरळ भासतात आणि त्यांचे टोक लहान असते. आपण सांगितलेला टोकाकडचा बाक सोळाव्या शतकाशी जुळतो. पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण बनावट नाव घालणाराही त्या काळाशी जुळणारे पातेच शोधतो. नाकागो आखूड आहे का, हे मात्र आवर्जून पाहा.

त्यानंतर पोलाद. बिझेन प्रांताच्या (नाकागोवरील ‘बिशू’ हे त्याचेच दुसरे नाव, आणि ओसाफुने हे तेथील गाव) पात्यांत पोत सहसा लाकडी फळीवरील रेषांसारखा, म्हणजे इतामे, दिसतो आणि त्यात गाठीसारखी वर्तुळे मिसळलेली असतात. जुन्या बिझेन पात्यांवर हामोनच्या वर धुक्यासारखी जी पुसट छाया दिसते, ती उत्सुरी; सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती क्वचितच आढळते, तेव्हा ती नसल्याने निराश होऊ नका.

हामोनविषयी एक सूचना करतो, कारण येथे नवखी नजर हमखास फसते. आज पात्यावर जो दुधाळ पांढरा पट्टा ठळकपणे दिसतो, तो बहुधा शिकलगाराने बोटाखाली दगडाची पातळ चकती घासून आणलेला रंग असतो. त्याला हादोरी म्हणतात आणि ही पद्धत मेइजी काळापासून (१८६८-१९१२) रूढ झाली. खरा हामोन त्याच्या आत किंवा त्याला छेदून जातो. तो पाहण्यासाठी खोलीतील इतर दिवे मालवून एकच उघडा दिवा ठेवावा, पात्याचे टोक दिव्याकडे करून नजर पात्याच्या रेषेत न्यावी आणि प्रकाशाचे प्रतिबिंब हळूहळू सरकवावे. मग पोलादात सुटे चमकणारे कण दिसले तर ते ‘निए’, आणि कण वेगळे न दिसता नुसती धूसर रेषा दिसली तर ती ‘निओई’. बिझेन पात्यांत निओईचे प्राधान्य असते. आम्लाने कोरलेल्या नकली हामोनात यांपैकी काहीच नसते. तो कोणत्याही कोनातून सपाट पांढराच राहतो. आपण वर्णन केलेले दुहेरी शेंड्यांचे हामोन उत्तरकालीन बिझेन लोहारांचे ओळखीचे वळण आहे. पायथ्याशी रुंद पसरणाऱ्या लाटेच्या माथ्यावर हे शेंडे असतात आणि जपानी अभ्यासक त्यांना खेकड्याच्या नांगीची उपमा देतात. हामोन टोकाच्या भागात कसा वळतो, म्हणजे बोशी कशी आहे, हेही पाहा. टोक तुटून पुन्हा घासून काढलेले असेल तर बोशी अपुरी राहते किंवा नाहीशीच होते, आणि तो दोष कोणत्याही कागदाने भरून निघत नाही.

आता सुकेसादा. हे एका माणसाचे नाव समजू नका. सोळाव्या शतकात ओसाफुने गावी हे नाव वापरणारे कितीतरी लोहार एकाच वेळी काम करत होते. यादवीच्या काळात शस्त्रांची मागणी अफाट होती आणि ती पुरवण्यासाठी तेथे ‘काझुउचीमोनो’, म्हणजे संख्येवर भर देऊन घडवलेली पाती, मोठ्या प्रमाणात तयार होत. त्याच भट्ट्यांतून सरदारांच्या मागणीवरून घडवलेली उत्तम पातीही निघत. सर्वसाधारणपणे, मागणीवरच्या पात्यावर ‘बिझेन नो कुनी जू ओसाफुने’ असा प्रांताचा पूर्ण उल्लेख आणि त्यापुढे योसोझाएमोन-नो-जो यासारखे लोहाराचे व्यक्तिगत नाव असते. ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ एवढाच त्रोटक मजकूर बहुधा संख्येने घडवलेल्या पात्यांवर आढळतो. याला अपवाद आहेत, पण आपले पाते अपवाद आहे असे गृहीत धरून पैसे देऊ नयेत. तेन्शो काळात (१५७३-९२) योशीई नदीच्या महापुरात ओसाफुने उद्ध्वस्त झाले आणि ही परंपरा खिळखिळी झाली. तरी एदो काळात (१६०३-१८६८) योकोयामा घराण्याने सुकेसादा हे नाव पुढे चालवले, त्यामुळे केवळ नावावरून शतकही ठरत नाही.

आठव्या महिन्याच्या उल्लेखाचे विक्रेत्याला एवढे कौतुक का वाटावे, हे मला उमगले नाही. तलवारींवर दुसरा आणि आठवा हे दोनच महिने इतक्या वेळा येतात की तो संकेताचा भाग आहे हे उघड आहे. त्यावरून ते पाते त्याच महिन्यात घडले असे ठरत नाही, मग खरेपणा ठरण्याची गोष्ट तर दूरच.

नाव खोटे असण्याची शक्यता किती? खोटेपणा सहसा मोठ्या नावांच्या वाटेला जातो. एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, नागासोने कोतेत्सु हा सतराव्या शतकातील लोहार याचे सर्वश्रुत उदाहरण आहे. त्याच्या नावाची खोटी पाती इतकी आहेत की नामवंत पारखीही ती हातात घेताना सावध असतात. साध्या सुकेसादाचे नाव खोटे घालण्यात फारसा लाभ नाही. योसोझाएमोनसारख्या नामवंताचे नाव असते तर मी अधिक साशंक झालो असतो. माझ्या मते आपले पाते अस्सल परंतु सामान्य प्रतीचे असण्याचा संभव अधिक आहे, आणि म्हणूनच मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही. पहिल्या पात्यावर नजर घडते. अभ्यासच करायचा असेल तर थोडे थांबून, नीट चकाकी केलेले आणि अलीकडचे प्रमाणपत्र असलेले निनावी पाते घ्यावे.


प्रतिसाद : पूर्वदिशा

लोहपारखी यांनी पात्याविषयी लिहिले आहे; मी केवळ कागदांविषयी लिहितो, कारण विक्रेत्याने दिलेली माहिती मला दिशाभूल करणारी वाटते.

तोरोकुशो हे खरेपणाचे प्रमाणपत्र नाही. जपानमध्ये तलवार बाळगणे शस्त्रकायद्याने नियंत्रित आहे. आज लागू असलेल्या १९५८ सालच्या कायद्यानुसार, पारंपरिक पद्धतीने घडवलेली आणि कलावस्तू म्हणून मोल असलेली तलवारच नोंदवता येते, आणि नोंदणी माणसाची नसून तलवारीची असते. हे काम प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे आहे. पत्रावर प्रकार, लांबी, बाक, मेकुगी-आना म्हणजे मुठीची खुंटी बसवण्याच्या छिद्रांची संख्या, आणि नाकागोवरील अक्षरे जशी दिसली तशी उतरवलेली असतात. उद्या एखाद्या पात्यावर मासामुने या थोर लोहाराचे खोटे नाव असेल, तर पत्रावरही मासामुने असेच येईल. नोंदणी अधिकारी तलवार ओळखता यावी म्हणून अक्षरे टिपतो, ती खरी असल्याचा निवाडा देत नाही. ‘सरकारची हमी’ हे शब्द ज्या विक्रेत्याच्या तोंडी येतात, त्याला हा फरक ठाऊक नसेल किंवा ठाऊक असूनही तो सांगत नसेल. दोन्ही गोष्टी खरेदीदाराच्या दृष्टीने सारख्याच वाईट आहेत.

शोवा २६ या वर्षाविषयी आणखी एक मोह टाळावा. युद्धोत्तर नोंदणीच्या त्या प्रारंभीच्या काळात पूर्वीच्या सरदार घराण्यांच्या तलवारी मोठ्या संख्येने नोंदल्या गेल्या, त्यामुळे त्या वर्षाच्या पत्राला संग्राहकांत एक वलय आहे. पण त्याच वर्षी सामान्य घरांतल्या असंख्य तलवारीही नोंदल्या गेल्या.

किचो प्रमाणपत्राचे तसे नाही. ते देणारी संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि जुन्या तलवारींच्या परीक्षणात तिचा शब्द मानला जातो. मात्र किचो, तोकुबेत्सु किचो ही मालिका जुनी झाली. १९८२ साली संस्थेने ती बंद करून होझोन आणि तोकुबेत्सु होझोन ही नवी प्रमाणपत्रे सुरू केली; त्यांच्यावर जुयो आणि सर्वांत वर तोकुबेत्सु जुयो अशी चढती श्रेणी आहे. जुन्या प्रमाणपत्रांपैकी काहींबाबत, विशेषतः ज्यांवर मोठी नावे आहेत अशांबाबत, संग्राहक आज सावध असतात आणि ती पाती नव्या परीक्षणाला पाठवतात. आपल्या पात्याचे किचो प्रमाणपत्र निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. साध्या सुकेसादासाठी ते बहुधा बरोबरच असेल. पण विक्रेता नव्या होझोन प्रमाणपत्राच्या पात्याइतकी किंमत मागत असेल, तर परीक्षणाला पाठवण्याचे कष्ट त्याने घ्यावेत. होझोन मिळाल्यासच व्यवहार पूर्ण होईल अशी अट घालण्यात काहीही गैर नाही.

माझा एकच प्रश्न आहे. तोरोकुशोवरील नोंदी आणि प्रत्यक्ष पाते यांचा मेळ आपण स्वतः घालून पाहिलात का? लांबी आणि नाव यांबरोबरच बाक आणि छिद्रांची संख्याही मोजून पाहावी. लांबी मोजताना टोकापासून पाठीच्या बाजूच्या खाचेपर्यंतचे सरळ अंतर धरायचे असते. बाकावरून फीत फिरवायची नसते.


प्रतिसाद : नवसंग्राहक

दोघांचेही आभार. आज पुन्हा जाऊन पाते पाहिले. नाकागो खरोखरच आखूड आहे. एकाच दिव्याखाली पाहिल्यावर पांढऱ्या पट्ट्याच्या आत एक वेगळी धूसर रेषा दिसली आणि ती पट्ट्यापेक्षा कितीतरी अधिक चंचल आहे; हा फरक आजवर मला कधीच दिसला नव्हता. सुटे कण फारसे दिसले नाहीत.

तोरोकुशोशी मेळ घातला. लांबी जुळते, अक्षरे जुळतात. बाक मोजण्याचे साधन जवळ नव्हते. मात्र पत्रावर छिद्र एकच नोंदलेले आहे आणि नाकागोवर दोन छिद्रे आहेत. विक्रेत्याचे म्हणणे असे की, १९५१ साली घाईघाईने नोंदी झाल्या, तेव्हा मोजणाऱ्याकडून राहून गेले असेल. हे कितपत गंभीर मानावे?


प्रतिसाद : पूर्वदिशा

अत्यंत गंभीर. हा प्रश्न सुटेपर्यंत एक येनही देऊ नका.

येथे तीन शक्यता आहेत. पहिली, विक्रेता म्हणतो तशी नोंदीतली चूक. ती अशक्य नाही. दुसरी, १९५१ नंतर कोणीतरी वेगळी मूठ बसवण्यासाठी नाकागोला नवे छिद्र पाडले. हे जुन्या वस्तूचे विद्रूपीकरण ठरते. तिसरी शक्यता सर्वांत त्रासदायक आहे : हे पत्र दुसऱ्याच तलवारीचे आहे. त्रोटक सुकेसादा नावाची, याच लांबीच्या आसपासची पाती इतकी आहेत की नाव आणि लांबी जुळण्याला फारसा अर्थ नाही. हरवलेल्या किंवा नाश पावलेल्या तलवारीचे पत्र नोंद नसलेल्या तलवारीला चिकटवण्याचा मोह काहींना होतो. पत्र आणि पाते एकमेकांचे नसतील, तर ती नोंदणी नसलेली तलवार ठरते आणि ती बाळगणे हा गुन्हा आहे. विदेशी नागरिक म्हणून आपल्याला तो विशेष महागात पडेल.

उपाय सरळ आहे. पत्रावर ज्या प्रांताचे नाव आहे, त्या प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे विक्रेत्याने विचारणा करावी. मूळ नोंदवही त्यांच्याकडे असते. आवश्यक वाटल्यास ते प्रत्यक्ष पाते मागवून तपासतात आणि नोंद दुरुस्त करतात. हे काम विक्रेत्याचे आहे, आपले नव्हे, आणि तो टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालेच असे समजावे.


प्रतिसाद : लोहपारखी

पूर्वदिशा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. दुसऱ्या छिद्राचे वय पाते पाहून काही अंशी ठरवता येते, म्हणून तेवढी भर घालतो. जुनी छिद्रे छिन्नीने ठोकून पाडलेली असत, त्यामुळे त्यांचा घेर किंचित वेडावाकडा असतो आणि कडा गुळगुळीत नसतात. नंतरची गिरमिटाने पाडलेली छिद्रे काटेकोर गोल असतात. दोन्ही छिद्रांच्या आतल्या भिंतींवर गंजाचा रंग सारखाच काळपट आहे का, ते भिंगाने पाहावे. एक छिद्र आतून काळे आणि दुसरे तपकिरी किंवा चकचकीत असेल, तर दुसरे अलीकडचे. ते छिद्र एखाद्या अक्षराला कापून गेले असेल तर पाडणाऱ्याला नावाची फारशी पर्वा नव्हती असेही कळेल. दोन्ही जुनी निघाली, तर १९५१ च्या अधिकाऱ्याला दोन छिद्रे दिसायलाच हवी होती, आणि मग पत्र दुसऱ्या तलवारीचे असल्याची शंका बळावते.


प्रतिसाद : शिरासाया

गंजाविषयी कोणीच विस्ताराने लिहिले नाही, म्हणून लिहितो. शिवाय लोहपारखी यांच्या एका मताशी माझे जमत नाही.

पात्याचा नाकागो सोडून बाकीचा भाग शिकलगार पुन्हा पुन्हा घासतो, त्यामुळे तेथे काळाची खूण उरत नाही. नाकागोला मात्र लोहाराने शेवटची कानस मारल्यानंतर कोणी हात लावायचा नसतो. शतकानुशतके हळूहळू जमलेला काळा, घट्ट, किंचित तुकतुकीत गंज हाच वयाचा पुरावा, आणि अक्षरांच्या तळाशीही तोच गंज आहे का, हे पाहूनच नाव पात्याइतके जुने आहे की मागाहून घातले हे ताडता येते. नंतर कोरलेल्या अक्षरांच्या खाचेत गंज वेगळ्या रंगाचा असतो, किंवा तो वेगळा दिसू नये म्हणून सगळ्या नाकागोवर कृत्रिम गंज चढवलेला असतो. ‘अक्षरे स्वच्छ करून देतो’ म्हणणारा विक्रेता आपल्याला जो एकमेव पुरावा तपासायचा आहे तोच पुसून द्यायला निघाला आहे. यासूरिमे, म्हणजे कानशीच्या रेघांची दिशा, हीदेखील लोहारागणिक आणि परंपरेगणिक ठरलेली असते; घासण्यात त्याही जातात. लालसर गंज सक्रिय असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसून, अगदी पुसट तेलाचा हात देऊन सोडून द्यावे, त्याहून अधिक काही करू नये.

पात्याची निगा सोपी आहे. उघड्या पोलादाला बोट लावू नये, पाते पाहताना त्यावर बोलू नये, आणि म्यानात परत घालण्यापूर्वी स्वच्छ मऊ कागदाने पुसून चोजी, म्हणजे लवंगेच्या, तेलाचा अतिशय पातळ थर द्यावा. उचिको, म्हणजे जुने तेल काढण्यासाठी पात्यावर टपटपवायची दगडाची भुकटी, वापरावी की नाही यावर मतभेद आहेत. निकृष्ट भुकटीने चकाकीवर बारीक ओरखडे उठतात, म्हणून मी ती वापरत नाही. स्वतः घासण्याचा विचार तर मनातही आणू नये. शिकलगाराचे काम दगडांच्या लांबलचक क्रमाने चालते, त्याचा मोबदला लांबीनुसार ठरतो आणि तो नवख्या संग्राहकाच्या पात्याच्या किमतीहूनही जास्त होऊ शकतो. शिवाय प्रत्येक चकाकीत थोडे पोलाद जाते. जुनी पाती पातळ होत जातात आणि आतले भरड पोलाद वर येते, ते याच कारणाने.

पाहण्याच्या क्रमात एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे हागिरे. धारेला काटकोनात गेलेली केसासारखी चीर म्हणजे हागिरे, आणि ती असलेले पाते शस्त्र म्हणून निकामी मानले जाते. ती समोरून दिसत नाही. धार प्रकाशाकडे करून पाते हळूहळू तिरपे फिरवावे लागते. पोलादाच्या थरांतील फट किंवा फुगा हे दोष जुन्या पात्यांत असतात आणि प्रमाणात असतील तर चालवून घेतले जातात, हागिरे नाही.

आता मतभेद. लोहपारखी म्हणतात की संख्येने घडवलेले पाते पहिले म्हणून घेऊ नये. मला वाटते, कागद निर्वेध असतील आणि किंमत नावाची व तारखेची नसून पात्याची असेल, तर असे पाते उत्तम शिक्षक ठरते. निनावी पाते पाहताना दर वेळी दुसऱ्याने ठरवलेले मत मानावे लागते. येथे प्रांत, गाव आणि साधारण काळ हाती असतो, आणि आकार, पोत, हामोन यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या माहितीशी स्वतः ताडून पाहता येते. उत्तरकालीन बिझेनचे साधे पाते नीट पाहिलेल्या माणसाला योसोझाएमोनचे पाते संग्रहालयात समोर आल्यावर दोघांतला फरक दिसतो. ज्याने केवळ उत्तमच पाहिले आहे, त्याला ते उत्तम का, हे सांगता येत नाही. सेतोउचीच्या ओसाफुने तलवार संग्रहालयात ही तुलना करण्याची चांगली संधी मिळते आणि तेथे लोहारकामही पाहता येते.

अर्थात, हे या पात्याला लागू नाही. छिद्राचा प्रश्न न सुटता ते कितीही स्वस्त मिळाले तरी नको. तो सुटला, नोंद दुरुस्त झाली आणि आपण ते घेतलेत, तर मालकी बदलल्याची सूचना त्याच प्रांताच्या शिक्षण मंडळाला वीस दिवसांच्या आत द्यावी. तोरोकुशो तलवारीसोबतच ठेवावे. तलवार कोठेही न्यायची असेल तर पत्र जवळ असायलाच हवे. पुढे जपान सोडताना ती सोबत नेण्याचा विचार असेल, तर सांस्कृतिक व्यवहार संस्थेकडून निर्यातीसाठीचा दाखला आगाऊ घ्यावा लागेल आणि तोरोकुशो परत करावे लागेल. ज्या देशात न्यायची आहे तेथील नियम त्याआधीच तपासून ठेवावेत, कारण नोंदणी एकदा परत केली की तलवार पुन्हा जपानमध्ये आणताना सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.


प्रतिसाद : नवसंग्राहक

विक्रेत्याला शिक्षण मंडळाकडे विचारणा करण्याची आणि नाकागोला हात न लावण्याची लेखी विनंती केली आहे. पहिल्या विनंतीवर त्याने ‘इतके कोणी पाहत नाही’ असे उत्तर दिले. तेव्हा हा व्यवहार मी येथेच थांबवतो. ओसाफुनेला जाऊन सुकेसादांची पाती पाहताना प्रत्येक वेळी आधी नावाची पाटी न वाचता आकार आणि हामोन टिपून ठेवीन, आणि त्यांतून काही शंका निघाल्या तर याच धाग्यावर विचारीन.